हवामान बदलावर सिव्हिलवाले नेमकं काय संशोधन करतात? (मुलीच्या अ‍ॅडमिशनचा प्रश्न आहे, नागपूरकरांनी जरूर लिहा)

रेतीगिट्टी | २ जून, रात्री १०.१५

राम राम मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढून राहिलो, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी नागपुरात २७ वर्षांपासून घरं बांधतो, मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा या बाजूला. मोठी मुलगी सिव्हिल इंजिनिअर आहे. दोन वर्षं पुण्यात एका डिझाइन ऑफिसात होती, पगार बरा होता. यंदा गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) दिली, नंबर चांगला आला, आणि आता म्हणते नोकरी सोडते, एम.टेक. करते, जमलं तर पुढे पीएच.डी. पण. विषय काय तर हवामान बदल आणि शहरात तुंबणारं पावसाचं पाणी.

आता मला सांगा, सिव्हिल म्हणजे आपल्याला सिमेंट, लोहा, सेंट्रिंग माहीत. हवामान हे वेधशाळेवाल्यांचं काम ना? तिला विचारलं तर ती बोलायला लागते आणि मला अर्धं समजत नाही, मग ती चिडते, मग तिची आई मधात पडते. माझा विरोध नाही हो. पण विद्यापीठात बसून केलेला अभ्यास आमच्या गल्लीतल्या नालीपर्यंत पोचतो का, एवढं मला प्रामाणिकपणे कोणीतरी सांगा. पोचत असेल तर मी खुशीनं पाठवतो.

धरमपेठकर | २ जून, रात्री १०.३१

आधी लेकीचं अभिनंदन! गेटमध्ये नंबर येणं सोपं नाही. आणि विषय तर आमच्या दाराशी येऊन गेलेला आहे. २३ सप्टेंबर २०२३ ची नागपूरच्या पुराची पहाट विसरलात का भाऊ?

तर्रीवाला | २ जून, रात्री १०.४०

काका पोरगी शिकतो म्हणून राहिली, शिकू द्या ना बाप्पा! लग्नाचं नाही म्हणून राहिली हे काय कमी आहे 😄 अभिनंदनाचे तर्री-पोहे लागू झाले, कस्तुरचंद पार्कला सांगा कधी यायचं ते.

कुंदाताई | २ जून, रात्री ११.०५

धरमपेठकरांनी आठवण काढलीच आहे तर लिहिते. आम्ही डागा लेआउटमध्ये तळमजल्यावर राहतो. त्या रात्री दोनच्या सुमारास पाऊस इतका वाजत होता की झोप लागेना. साडेतीनला मी पाणी प्यायला उठले आणि पाय टेकला तो थेट पाण्यातच. आधी वाटलं फ्रिजचं पाणी सांडलं. लाइट लावला तर दाराखालून पाणी येत होतं, गढूळ, आणि येण्याचा वेग असा की मी ह्यांना हाक मारून होईपर्यंत घोट्याच्या वर गेलं. ह्यांना गुडघ्याचं दुखणं, जिना चढवत नाही. वरच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या मुलांनी दोघांना खुर्चीत बसवून उचलून नेलं. सकाळी वरून पाहिलं तर आमची गल्ली नाहीच, नुसती नदी, आणि त्यात कोणाचं तरी गॅस सिलिंडर तरंगत चाललेलं.

माझ्या ३४ वर्षांच्या नोकरीतल्या मुलांच्या वह्या, हस्तलिखित मासिकं, सगळा लगदा झाला. त्या वह्या मी एकेक पान करून गच्चीवर वाळवायचा प्रयत्न केला होता.

चार माणसं गेली शहरात त्या दिवशी. म्हणून रेतीगिट्टी भाऊ, तुमची मुलगी या विषयात जाते आहे तर तिला माझा आशीर्वाद सांगा. आम्हाला कोणी आधी दोन तास सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

रेतीगिट्टी | २ जून, रात्री ११.२०

ताई, वाचून गलबलून आलं. तिला वाचून दाखवतो.

स्पष्टवक्ता | ३ जून, सकाळी ८.१०

मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. संशोधनाची पेपरं निघतात, परिषदा होतात, पुढे काही होत नाही. अंबाझरी तलाव फुटायच्या बेताला आला त्याला संशोधन नव्हतं म्हणून नाही, नाल्यांवर बांधकामं झाली म्हणून पाणी शिरलं. हे सांगायला पीएच.डी. कशाला? मुलीला सरकारी परीक्षा द्यायला लावा, अधिकारी झाली तर चार नाले तरी मोकळे करेल.

निवृत्त_अभियंता | ३ जून, सकाळी ९.४५

स्पष्टवक्तांशी बराचसा सहमत. मी आयुष्यभर मलवाहिन्या आणि पावसाळी नाल्यांच्याच कामात होतो. (अंबाझरी फुटला नाही, सांडव्यावरून वाहिला, एवढी दुरुस्ती करतो. १८७० सालचं मातीचं धरण आहे ते. मातीच्या धरणावरून पाणी गेलं की बांध कापला जातो, त्यामुळे त्या रात्री किती थोडक्यात निभावलं याची लोकांना कल्पना नाही.)

माझा अनुभव असा की आमच्या नाल्यांत पाण्याऐवजी बाकी सगळं सापडायचं. गाद्या, नारळ, बांधकामाचा मलबा, प्लास्टिकच्या पन्न्या. आणि पावसाळी नालीला घरच्या संडासाचे पाइप जोडलेले. तीन फुटांची नाली, आत दीड फूट गाळ, मग ती नाली तीन फुटांची राहिली कुठे? आधी सफाई. मग संशोधन.

जलरेषा | ३ जून, दुपारी १.२०

मी सिव्हिलच शिकवते, जलसंपत्ती हा माझा विषय. जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे, लांबेल.

निवृत्त_अभियंता सर, सफाईबद्दल शंभर टक्के मान्य. पण समजा उद्या नाली आरशासारखी स्वच्छ केली. ती तीन फुटांची पुरेल की पाच फुटांची हवी, हे कशावरून ठरवायचं? तुम्हाला माहीतच आहे, धागाकर्त्यांसाठी सांगते. गावातल्या पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदी घ्यायच्या, त्यावरून १५ मिनिटांत, तासात, तीन तासांत जास्तीत जास्त किती पाऊस पडतो आणि तसा किती वर्षांतून एकदा पडतो याचे वक्र काढायचे. तीव्रता, कालावधी, वारंवारता. नालीचा आकार, पुलाची उंची, धरणाचा सांडवा, सगळं या वक्रांवरून ठरतं. आणि यात एक गृहीतक कायम दडलेलं असतं की पुढची पन्नास वर्षं मागच्या पन्नास वर्षांसारखीच जातील.

हवामान बदलाने नेमकं हेच गृहीतक मोडलं आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. वर्षाचा एकूण पाऊस तेवढाच राहिला तरी तो कमी तासांत कोसळायला लागतो. त्या पहाटे चार तासांत १०० मिलीमीटरच्या वर पडला. नागपूरचा अख्ख्या वर्षाचा पाऊस हजार-अकराशे मिलीमीटर. म्हणजे वर्षाचा दहावा हिस्सा एका रात्रीत.

आता अडचण कुठे येते बघा. जगाच्या हवामानाची जी मोठी गणितं असतात त्यातला एक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा. अख्खं नागपूर, कामठी, हिंगणा त्या एका चौकोनात बसतं. त्यावरून शंकरनगरच्या नालीचा आकार निघत नाही. ते मोठं चित्र शहराच्या, गल्लीच्या पातळीवर उतरवायचं, वक्र नव्याने काढायचे, मग जमिनीचा चढउतार, रस्ते, इमारती, नाल्या संगणकात मांडून पाणी कुठून कुठे जाईल ते बघायचं, हे सिव्हिलवाल्यांचंच काम आहे. वेधशाळा पाऊस सांगेल. तो जमिनीवर पडल्यावर काय करेल ते आम्ही सांगायचं.

स्पष्टवक्ता, तुमच्या मुद्द्यावर. नाल्याची रुंदी कमी झाली म्हणून कोणी कोर्टात गेलं तर कोर्ट विचारतं, किती हवी होती? तेव्हा "जास्त हवी होती" असं म्हणून चालत नाही, आकडा लागतो. तो आकडा कोणाच्या तरी दोन वर्षांच्या प्रबंधातूनच येतो.

धरमपेठकर | ३ जून, दुपारी १.५०

जलरेषा ताई, "२५ वर्षांतून एकदा येणारा पाऊस" म्हणजे तो एकदा येऊन गेला की पुढची २४ वर्षं निवांत, असं आमच्या सोसायटीत सगळे धरून चाललेत.

जलरेषा | ३ जून, दुपारी २.०५

अजिबात नाही! त्याचा अर्थ दरवर्षी तसा पाऊस पडण्याची शक्यता ४ टक्के. यंदा पडला तरी पुढल्या वर्षी पुन्हा ४ टक्केच. आणि २५ वर्षांत निदान एकदा तरी पडण्याची शक्यता हिशोबाने ६४ टक्के निघते. तेही हवामान बदललं नाही असं धरून. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे नक्की सांगा, मीटर रूम तळघरात असेल तर वर हलवायला सांगा.

रेतीगिट्टी | ३ जून, रात्री ९.१०

जलरेषा मॅडम, खूप आभार. पहिल्यांदा समजलं ती काय बोलत होती ते. साइटवर मी पण हिशोब करून पाहिला. हजार चौरस फुटांचा स्लॅब, त्यावर १०० मिलीमीटर पाऊस म्हणजे ९ हजार लिटरच्या वर पाणी. दोन टँकर समजा. एका घराच्या छतावरून! आणि आम्ही त्याला चार इंचाचा पाइप काढून सरळ रस्त्यावर सोडतो, अंगण पण फरशी लावून पक्कं करतो, लोकांना चिखल नको असतो. एका लेआउटमध्ये अशी दोनशे घरं मीच बांधली असतील. इतकी वर्षं हे डोक्यातच आलं नाही.

मोरभवन | ३ जून, रात्री ९.३०

रस्त्याचं पण लिहा कोणीतरी. आमच्याकडे सिमेंट रोड झाला, आधीचा न खोदता वरच्यावर. रस्ता आता आमच्या ओट्याच्या दीड फूट वर. पावसाळ्यात सगळ्या गल्लीचं पाणी आमच्या अंगणात. तक्रार करून करून थकलो, आता दारात विटांचा बांध घातला आहे आणि तो ओलांडताना आई दोनदा पडली.

तर्रीवाला | ३ जून, रात्री ९.४१

सिमेंट रोड रात्री पण गरम राहते भाऊ. आमच्या इकडचे कुत्रे मे महिन्यात रोडवर नाही झोपत, गाडीखाली झोपतेत. त्यायले कोणी संशोधन शिकवलं नाही तरी समजते 😄

कोराडीकर | ४ जून, सकाळी ७.१५

स्पष्टवक्ता म्हणतात संशोधनाचं पुढे काही होत नाही, तर आमच्या घराजवळचं सांगतो. कोराडीच्या वीज केंद्राला थंडाव्यासाठी प्रचंड पाणी लागतं. ते पाणी काही प्रमाणात कुठून येतं? नागपूरच्या संडास-बाथरूममधून. भांडेवाडीला १३० एमएलडीचं (म्हणजे रोज १३ कोटी लिटरचं) शुद्धीकरण केंद्र उभं केलं, तिथलं पाणी पाइपने कोराडीला. तेवढं पेंच प्रकल्पाचं चांगलं पाणी वाचतं. २०१९ चा जुलै आठवा, तिथलं तोतलाडोह धरण आटलं आणि शहरात एक दिवसाआड पाणी आलं होतं. भर पावसाळ्यात! पावसाचा भरवसा जसा कमी होत जाईल तसं हे वापरलेलं पाणी म्हणजेच आपलं धरण.

आणि ही पर्यावरण अभियांत्रिकी नागपूरला नवीन नाही. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आपल्या शहरात १९५८ पासून आहे, तेव्हा तिचं नावच सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीचं होतं, १९७४ ला नीरी झालं. झाडांच्या मुळांतून सांडपाणी शुद्ध करायची फायटोरिड पद्धत तिथलीच. देशभर वापरतात.

निवृत्त_अभियंता | ४ जून, सकाळी ८.३०

कोराडीकर, चांगला मुद्दा काढलात. त्यात एक भर. मैलापाणी उघड्यावर कुजलं की त्यातून मिथेन निघतो आणि तो शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. शुद्धीकरण केंद्रात हवा मारायला ब्लोअर चालतात त्याला वीज, ती वीज पुन्हा कोळशाची. म्हणून कमी विजेत पाणी साफ कसं करायचं आणि मिथेन कोंडून जाळायला कसा वापरायचा, यावर काम व्हायलाच हवं. आमच्या वेळी मिथेनला आम्ही फक्त मॅनहोलमध्ये उतरताना घाबरायचो. तो आकाशात जाऊन काय करतो याचा विचार कोणी केला नव्हता.

काल जलरेषा यांनी लिहिलं ते रात्री पुन्हा वाचलं. "आधी सफाई मग संशोधन" हे माझं वाक्य मी मागे घेतो. दोन्ही बरोबरच चालायला हवं.

चुनखडी | ४ जून, सकाळी ११.००

पीएच.डी.चं तिसरं वर्ष, सिमेंटवर. रेतीगिट्टी काका, तुमच्या कामाचं सांगतो.

सिमेंट करताना चुनखडी १४५० अंशांपर्यंत तापवतात. तापवायला कोळसा जळतो तो धूर वेगळाच, पण चुनखडीच्या पोटातच कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो, तो तापवल्यावर सुटतो. एकूण उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त भाग हा दगडातून सुटलेला. म्हणजे भट्टी उद्या सौर ऊर्जेवर चालवली तरी तो निघणारच. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा ७-८ टक्के आहे.

तुमच्याच हिशोबात, हजार फुटांच्या घराला साधारण ४०० पोती. ५० किलोच्या पोत्यामागे अंदाजे ३० किलो धरा. एका घराला १२ टन.

उपाय एवढाच की भट्टीतला माल कमी वापरायचा. तुम्ही पीपीसी वापरत असाल त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते, कोराडी-खापरखेड्यासारख्या केंद्रांची राख. पण कोळशाची केंद्रं पुढे कमी होत गेली तर राख कुठून आणायची? म्हणून आता भाजलेली माती. साधी चिनी मातीच्या जातीची, अगदी उच्च प्रतीची पण नको. ती ७०० ते ८५० अंशांवर भाजायची आणि न भाजलेली चुनखडी तिच्यासोबत दळायची. निम्मा क्लिंकर (तोच भट्टीतला माल), ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडी, ५ टक्के जिप्सम. याला एलसी-थ्री म्हणतात. स्वित्झर्लंडच्या कॅरेन स्क्रिव्हेनर, क्युबातले संशोधक आणि आपल्या दिल्ली-मद्रास आयआयटीतल्या लोकांनी मिळून हे उभं केलं. उत्सर्जन ३०-४० टक्क्यांनी कमी. २०२३ मध्ये आपल्याकडे त्याचं मानक पण आलं, आयएस १८१८९. प्रयोगशाळेतून मानकापर्यंत यायला दहा-पंधरा वर्षं गेली, स्पष्टवक्ता दादा, हे खरं आहे. पण आलं.

रेतीगिट्टी | ४ जून, दुपारी ३.१५

बेटा, राग येऊ देऊ नको, पण तुमच्या या नव्या सिमेंटची साइटवर काय गत होते ते पण बघत जा. आमच्याकडे पीपीसी नवीन आलं तेव्हा आम्हाला कोणी धड सांगितलं नाही. मी जुन्या सवयीने सातव्या दिवशी स्लॅबखालचे टेके काढले. डिसेंबरची थंडी, पंधरा फुटांचा गाळा. संध्याकाळी दोरी लावून पाहिली तर स्लॅब मधोमध बोटभर खाली आलेला. कोणाला लागलं नाही, देवाची कृपा. पण तो स्लॅब मी पदरचे पैसे घालून पाडला आणि पुन्हा टाकला, घरमालकाला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

चुनखडी | ४ जून, दुपारी ४.४०

काका, राग कसला, हेच आम्हाला कळायला हवं. पीपीसीची ताकद सावकाश येते, थंडीत आणखी सावकाश. सात दिवसांचा नियम जुन्या ओपीसीसाठी, म्हणजे राख न मिसळलेल्या साध्या सिमेंटसाठी होता. पीपीसीला टेके जास्त दिवस ठेवायचे आणि तराई (स्लॅबला पाणी मारणं) पण जास्त दिवस करायची. आम्ही प्रयोगशाळेत ठोकळे २७ अंशांच्या पाण्यात २८ दिवस बुडवून ठेवतो. नागपुरात मे महिन्यात ४५ अंशांत, गरम वारा सुटलेला, पोतं ओलं केलं की अर्ध्या तासात कोरडं, त्या स्लॅबचं काय होतं? मी आता माझे काही ठोकळे गच्चीवर उन्हात ठेवून तपासतो आहे. तुमच्या साइटवर यायला आवडेल, परवानगी असेल तर.

रेतीगिट्टी | ४ जून, दुपारी ४.५२

कधी पण ये. बेसाला एक स्लॅब पंधरा तारखेच्या आसपास टाकणार आहे, जेवायला घरीच.

वाळ्याचा_पडदा | ४ जून, रात्री १०.२०

सगळे पाणी आणि सिमेंटवर लिहिताहेत, मी उन्हावर लिहिते. मी आशा सेविका आहे, उत्तर नागपुरात माझी वस्ती आहे, जवळपास सगळी टिनाची घरं. तुम्ही टीव्हीवर ४५-४६ ऐकता ते सावलीतलं, मोकळ्या जागेतलं तापमान. आमच्या घरांत दुपारी टिनाला हात लावला तर चटका बसतो. पण मला दुपारपेक्षा रात्रीची काळजी वाटते. दुपारी लोक झाडाखाली, देवळात जाऊन बसतात. रात्री घरातच झोपावं लागतं. बाया दाराबाहेर झोपू शकत नाहीत. गेल्या नवतप्यात (मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) एक बाळंतीण, पंधरा दिवसांचं लेकरू, त्याच्या अंगावर सगळं पुरळ, आई त्याला ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून रात्रभर जागी. रात्री अकराला मी गेले होते, भिंत तव्यासारखी गरम.

आणखी एक. कूलर कोरड्या उन्हात चालतो. जूनमध्ये पाऊस पडायच्या आधीचे जे दहा-बारा दिवस असतात, हवेत दमटपणा येतो, तेव्हा कूलर नुसता ओला वारा फेकतो, अंग चिकट होतं आणि घाम वाळत नाही. माझ्या वस्तीत चक्कर येऊन पडायच्या केसेस तेव्हाच जास्त येतात आणि तोपर्यंत पेपरातली उष्णतेची बातमी बंद झालेली असते.

तुमची मुलगी शिकून आली की तिला एवढंच सांगा, तापमान मोजायला रात्री आमच्या घरात या.

जलरेषा | ४ जून, रात्री १०.५५

ताई, तुम्ही लिहिलेलं शेवटचं वाक्य मी उद्या वर्गात सांगणार आहे. कूलरचं तुमचं निरीक्षण शास्त्राने अगदी बरोबर आहे. पाणी उडून जातं तेव्हा उष्णता घेऊन जातं, हवाच ओली असेल तर पाणी उडत नाही, कूलरमध्ये पण नाही आणि अंगावर पण नाही. नुसत्या तापमानाच्या आकड्यावर इशारे देण्यात हीच गफलत आहे.

घरात लटकवायचे छोटे तापमान नोंदवणारे यंत्र मिळतात, दर १० मिनिटांनी आपोआप नोंद करतात. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, मग नागपूरनेही केला. पण घराच्या आतल्या नोंदी नसतील तर कोणती वस्ती आधी धरायची ते कळत नाही.

तर्रीवाला | ४ जून, रात्री ११.१०

आणि ते ५६ डिग्री? २०२४ ले मेच्या शेवटी आपल्या नागपुरात ५६ दाखवलं होतं ना, मुंबईचा साळा फोन करून विचारे, भाऊजी जिवंत आहे का म्हणून 😄

धरमपेठकर | ४ जून, रात्री ११.१८

ते स्वयंचलित केंद्राच्या सेन्सरचा बिघाड होता, हवामान खात्यानेच नंतर सांगितलं. नागपूरचा खरा उच्चांक मे २०१३ चा, ४७.९.

मोरभवन | ५ जून, सकाळी ६.५०

वाळ्याचा_पडदा ताई, टिनावर चुना मारून पाहिला का? आम्ही गच्चीवर मारतो दरवर्षी होळी झाली की. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, थोडं फेव्हिकॉल टाकायचं म्हणजे हाताला लागत नाही, दोन हात मारायचे. खालची खोली हाताला समजेल इतकी निवते. पावसाळ्यात धुऊन जातो, पण तोवर उन्हाळा संपलेला असतो. तेलंगणाने तर पांढऱ्या छतांचं धोरणच केलं २०२३ मध्ये.

वाळ्याचा_पडदा | ५ जून, सकाळी ७.३०

चार घरांना मारला दादा, फरक पडतो. पण टीन पातळ, त्यावर चढून मारणारा माणूस मिळत नाही, एक मुलगा पाय घसरून पडला होता. काठीला ब्रश बांधून खालून मारता येईल असं काही कोणी बनवलं तर सांगा, तुमच्या इंजिनिअर लोकांपैकी.

स्पष्टवक्ता | ५ जून, सकाळी ९.२५

मी सगळा धागा पुन्हा वाचला. माझं म्हणणं मी थोडं बदलतो. संशोधन नको असं नाही. संशोधन आणि डागा लेआउट, संशोधन आणि टिनाचं घर यांच्या मधात जी जागा रिकामी आहे तिची मला चीड येते. चुनखडीला साइटवर काय होतं ते या धाग्यावर कळलं, हे त्याला आधी कळायची सोय का नव्हती?

आणि डांबराचं पण कोणी लिहावं. आमच्या चौकात सिग्नलला डांबर दरवर्षी मेमध्ये पिळवटून वर येतं.

निवृत्त_अभियंता | ५ जून, सकाळी १०.१०

डांबराचं मी सांगतो. डांबराच्या प्रती हवेच्या तापमानावर ठरतात. सलग सात दिवसांचं सरासरी कमाल तापमान ३८ ते ४५ असेल तर व्हीजी-३०, ४५ च्या वर असेल तर त्याहून घट्ट व्हीजी-४०. आता नागपूर या दोन्हींच्या सीमेवर बसलेलं गाव. जुन्या नोंदी पाहून एखादा अभियंता ३० म्हणेल, पुढची वीस वर्षं पाहिली तर ४० म्हणावं लागेल. सिग्नलला जड गाड्या उभ्या राहतात, ब्रेक मारतात, तिथे आधी कळतं. हवामान बदल सिव्हिलमध्ये कुठे येतो असं कोणी विचारलं तर मी आता हेच उदाहरण देईन.

जलरेषा | ५ जून, दुपारी १.१५

स्पष्टवक्ता, ती मधली जागा रिकामी आहे हे मी मान्य करते आणि त्यात आम्हा शिक्षकांचा दोष आहे. आमचा विद्यार्थी पेपर छापला की सुटतो, नालीपर्यंत जाण्याचे त्याला गुण नाहीत.

पण आपल्या गावातल्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेला ज्यांचं नाव दिलं आहे, त्या विश्वेश्वरय्यांनी काय केलं ते आठवा. १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं. त्यांनी पुराचा अभ्यास केला, वर धरणं सुचवली आणि शहराची गटारव्यवस्था पण आखली. उस्मानसागर १९२० ला झालं, हिमायतसागर १९२७ ला. पाऊस मोजणं, पाण्याचा हिशोब, बांध आणि गल्लीतली नाली हे त्यांना वेगळे विषय वाटत नव्हते. आपण ते वेगळे केले.

रेतीगिट्टी भाऊ, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, तो मागेच राहिला. अभ्यास नालीपर्यंत आपोआप पोचत नाही. पोचवणारा माणूस लागतो. साइटवर वाढलेली मुलगी, जिच्या वडिलांनी स्लॅब पाडून पुन्हा टाकला, ती पोचवेल असं मला वाटतं.

पैशाचं विचारलं नाहीत पण सांगते. गेटवर एम.टेक.ला महिना १२,४०० मिळतात, पीएच.डी.ला सुरुवातीला ३७,००० आणि घरभाडं. पुण्याच्या पगारापुढे कमी आहे, पण घरून जाऊन-येऊन निभतं.

रेतीगिट्टी | ५ जून, रात्री ९.५०

काल रात्री जेवण झाल्यावर मुलीला म्हटलं, सांग आता पुन्हा, मी ऐकतो. तिने जेवणाच्या ताटात वरणाचा नाला केला आणि भाताचे लेआउट. खरं सांगतो, समजलं. कुंदाताईंचं वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. फॉर्म तिने आज सकाळी भरला, फी मी भरली.

तिची एक विनंती आहे सगळ्यांना. ती म्हणते नागपुरात एका भागात धो धो पडतो आणि दुसऱ्या भागात थेंब नसतो, आणि त्या मानाने पर्जन्यमापक फार कमी. तर ज्यांची गच्ची मोकळी आहे, वर झाड किंवा टाकी आडवी येत नाही, त्यांनी सरळ भिंतीचा डबा ठेवायचा. खालीवर सारख्या रुंदीचा, बादलीसारखा पसरट नको. रुंदी किती का असेना, पाणी पट्टीने मोजलं की तेवढे मिलीमीटर पाऊस. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, लिहायचं आणि डबा रिकामा करायचा. पाऊस किती वाजता सुरू झाला आणि थांबला ते पण. ती सगळं एका ठिकाणी जमवणार आहे.

कुंदाताई | ५ जून, रात्री १०.०५

डागा लेआउट माझ्याकडे. डबा वरच्या मुलांना ठेवायला सांगते, वही मी ठेवीन.

मोरभवन | ५ जून, रात्री १०.०९

सीताबर्डी.

वाळ्याचा_पडदा | ५ जून, रात्री १०.३०

आमच्याकडे गच्ची नाही, पण अंगणवाडीचं छत पक्कं आहे. सेविका ताईंना विचारलं, हो म्हणाल्या. तापमानाची यंत्रं पण आणा म्हणावं.

निवृत्त_अभियंता | ६ जून, सकाळी ७.००

प्रतापनगर. माझ्याकडे जुना पितळी पर्जन्यमापक आहे, घासून ठेवतो.

तर्रीवाला | ११ जून, सकाळी ८.४०

लिहून घ्या ताईले सांगा. महाल, ४ मिलीमीटर. रात्री सव्वादोनले आला, दहा मिनिटांत गेला.

कोराडीकर | ११ जून, सकाळी ८.४४

कोराडी, ३१. पावणेदोन ते तीन.

रेतीगिट्टी | ११ जून, सकाळी ९.०२

हुडकेश्वर कोरडं. डब्यात फक्त एक मुंगळा आहे. लिहून घेतलं तिने, शून्य पण लिहायचं असतं म्हणते.